ओढ्याकाठचं गवत

मामंजी,

मी कर्जाच्या कामासाठी बँकेत निघाले आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

आज ओढ्याकाठी जाऊ नका. माती धरून राहावी म्हणून आपण तो पट्टा सरकारी योजनेत सोडलाय, तिथे गवत वाढायलाच हवं. तुम्ही सकाळी फिरायला जातो म्हणता आणि गुडघ्यांना माती लावून येता, हे मला दिसतं. गवत बघून तुमचे हात शिवशिवतात, माहीत आहे. पण दुपारी बँकेचे साहेब पाहणीला येणार आहेत. गवतच दिसलं नाही तर योजना जाईलच, कर्जालाही मोडता घालतील. म्हणून खुरपं शोधू नका, ते मी पिशवीत घालून नेतेय.

परवा साहेबांना तुम्ही म्हणालात, "सूनबाईला विचारा, शेत ती बघते." मी गोठ्यात होते, ऐकलं. या घरात असं कुणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं. तोंडावर सांगायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

ह्यांचा फोन येईल. शेत विकायचा विषय पुन्हा काढतील. तेव्हा साहेबांना सांगितलंत तेच त्यांनाही सांगा.

सूनबाई