शेत किती टक्के आजारी

२१ जुलै, सकाळी
किल्लारीला, सासुरवाडीत. साहेबरावमामांच्या सोयाबीनमध्ये बांधाकडच्या कोपऱ्यात पिवळा मोझॅक रोग दिसला. पानांवर हळद सांडल्यासारखी. सासऱ्यांचं शेत म्हणून वाईट वाटलं. पण पीएचडीला प्लॉट मिळाला. मामांनी विचारलं, जावईबापू, रोगट झाडं उपटून टाकू का. म्हटलं, हात लावू नका, आधी मोजू द्या. संकल्प: आठवड्यात पक्का आकडा.

२३ जुलै
लातूर. गाईड प्रियदर्शनी मॅडमना आकडा सांगितला, चार टक्के. त्यांनी विचारलं, कशाचे? पानांचे की झाडांचे? म्हटलं, शेताचे. त्या चहा प्यायला निघून गेल्या. विचारात पडल्या असाव्यात.

२८ जुलै
परत किल्लारी. पानं मोजली तर चार टक्के. एक जरी पान पिवळं असलं तरी झाड आजारी धरलं, तर तीस. मीटरभराचा चौकोन टाकला आणि त्यात एक झाड आजारी म्हणजे चौकोन आजारी, तर ऐंशी. अख्खं शेत एकच धरलं तर शंभर. शेत तेच, रोग तोच, सकाळ तीच.
मामा म्हणाले, "मंग उपटू का नको, तेवढं सांगा."
म्हटलं, स्केल, म्हणजे पान, झाड की चौकोन मोजायचा, ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली. पटलं असावं.

४ ऑगस्ट
लई मोठी आयडिया. सॅटेलाइट फोटो काढला. शेत हिरवंगार. फोटोच्या एकाच ठिपक्यात मामांचं सोयाबीन, शेजारचा ऊस आणि बांधावरचा लिंब. रोग शून्य. फोन करून मामांना धीर दिला. ते म्हणाले, "वरून चांगलं दिसत असंल. आमी खालून बघायलोय."

११ ऑगस्ट
किल्लारीला जायचं होतं. पाऊस. शिवाय कॉलेजात परीक्षेची ड्युटी. शिवाय कंबर.
बायको विशाखा म्हणाली, बाबा फोनवर रोज विचारतात, उपटू का. म्हटलं, दोन दिवस थांबा म्हणावं. तिने विचारलं, रोग पसरवणारी पांढरी माशी थांबेल का दोन दिवस? प्रश्न चांगला आहे. थिसिसमध्ये घेईन.

२५ ऑगस्ट
जमलं. पानं शंभर, झाडं शंभर, चौकोन शंभर. सॅटेलाइटचा ठिपकासुद्धा पिवळट. पहिल्यांदाच सगळ्या स्केलवर एकच आकडा. शेतातूनच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आनंदराज, सगळीकडे शंभरच असेल तर तुलना कशाची करणार? आणि त्या माणसाच्या हाती काय लागलं?
त्या माणसाच्या. सासरे आहेत, हे त्यांना सांगितलं नाही.
शेंगा दाबून पाहिल्या. चपट्या. आत दाणाच नाही. हे मोजायचं राहून गेलं होतं.

८ सप्टेंबर
मामांनी पीक मोडायला शेतात रोटाव्हेटर घातला. विशाखाला घेऊन मी पोचलो तोवर निम्मं शेत काळं झालेलं. म्हटलं, मामा, एक शेवटचं रीडिंग राहिलं होतं. ते रागावले नाहीत. पाणी दिलं, जेवायला वाढलं. हात धुताना म्हणाले, "जावईबापू, पुढच्या साली तुमी तिकडं लातूरलाच मोजा."
माझा प्रवासाचा त्रास वाचावा म्हणून म्हणाले असतील, असं परतताना बसमध्ये विशाखाला सांगितलं.
ती खिडकीबाहेर बघत होती. ऐकू आलं नसावं.