सुकेळ्यांचं मशीन

पापडी,
फेब्रुवारी २००४

प्रिय दादा,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझा फोन आला की बाबा टीव्ही बंद करतात आणि सगळं घर रिसीव्हरला कान लावून बसतं. म्हणून मस्कतला पत्र.

आधी मशीनचं सांगते. सुकेळ्यांच्या पॅकिंगसाठी मशीन घ्यायचं तू मनावर घेतल्यापासून काकांचा जितेंद्र रोज सकाळी हजर. ज्याने जन्मात एक केळं सोलून उन्हात टाकलं नाही, तो आईला सांगतो, "काकू, हल्ली पानात बांधलेलं कोणी हातात धरत नाही." आई म्हणाली, "तू बरा धरतोस रोज चहाबरोबर." तरी तो हलला नाही. मला तेव्हाच जरा खटकलं.

वसई पूर्वेला एका गाळ्यात मशीनं बघायला गेलो. मी आपली सुकेळी घेऊन गेले होते. छोट्या मशीनवर पाकिटाभोवती प्लास्टिकची फिल्म सील होते, मग पाकीट पट्ट्यावरून गरम बोगद्यात जातं आणि पलीकडून फिल्म घट्ट आवळून बाहेर येतं. छान दिसतं, खोटं कशाला बोलू. जितेंद्र म्हणाला, हे खेळणं आहे. तो मला कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनपाशी ओढत राहिला. त्याच्या बोगद्याचं तोंड माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत उंच. आपलं पाकीट चार बोटं. एवढी उंची कशाला, विचारलं तर म्हणे, पुढचा विचार. सुकेळी काय पुढे उंच होणार आहेत?

घरी आणलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईने बघितलं. आपल्याकडे एवढी वर्षं सुकेळी बांधते ती. म्हणाली, "बाय, आत पानी सुटलंय." म्हणून मी पुन्हा गाळ्यावर जायला निघाले. जितेंद्रही लगेच स्कूटर काढून तयार. आई म्हणाली, "दुसऱ्यांदा? मशीन बघताय की मुलगी?" गाळेवाल्याने सांगितलं, माल पूर्ण थंड करून भरा आणि फिल्मला बारीक भोकं ठेवा. हे एवढ्यासाठी लिहिते की मी मशीनच्या विरोधात आहे असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

तेवढ्यात जितेंद्र मोबाईलवर बोलायला बाहेर गेला आणि गाळेवाला अगदी अदबीने मला म्हणाला, "मॅडम, लिटरच्या बाटल्या एका बंडलमध्ये बारा ना? आणि विहिरीचं पाणी टेस्ट झालं का?" मी म्हटलं, कसल्या बाटल्या? तो फडका घेऊन मशीन पुसायला लागला.

येताना माणिकपूरला मी स्कूटर थांबवायला लावली. जितेंद्र आधी म्हणाला, गाळेवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गल्लत केली. मग म्हणाला, मोठं मशीन असलं तर दुसऱ्यांचाही माल पॅक करता येईल. मी बघतच राहिले तेव्हा चिडला. "माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? ज्याची आयडिया आहे त्याला विचार. मी फक्त मशीन बघतोय."

तर विचारते. दादा, आपल्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून विकायचं, हे तुझं ठरलंय का? मे महिन्यात ती विहीर बागेला जेमतेम पुरते. शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर पाणी उपसून न्यायला टँकर लागायला लागले आणि त्यांची केळी कशी बसली, ते तू स्वतः बघून गेलास. बाटल्या सुरू झाल्या तर सुकवायला केळीच उरणार नाहीत, हे तुला कळत नसेल असं मला वाटत नाही. कळतं, म्हणूनच तू आम्हाला सांगितलं नाहीस, असं वाटतं. बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मुलगा सुकेळ्यांसाठी मशीन घेतोय. मी त्यांना काही बोललेले नाही. गाळेवाल्याला मात्र छोटं मशीन ठेवायला सांगून आलेय, मोठं नको म्हणून. हे पत्र मिळाल्यावर तू फोन करशील. तो मी उचलणार नाही, बाबांना उचलायला लावीन. जितेंद्रला जे सांगितलंस ते त्यांना सांग. जितेंद्र खोटं बोलत असेल, तर तेही त्यांनाच सांग.

अजून तरी तुझीच,
सुरुची