पोकळच हव्यात

मागचं पत्रही सुनेच्याच हातचं. तुझे हात काय गहाण पडलेत? असो, चिरंजीवास आईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

तुझी लेक इथे माझ्याकडे राहून तिच्या संशोधनासाठी डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक चिनीमातीच्या नळ्या भट्टीत भाजते. धाग्यावर मातीचा लेप देते; भट्टीत आतला धागा जळतो, नळी उरते. मी म्हटलं, "शेवटी पोकळच ना? एवढं शिकून?" हसेल वाटलं, तर रडायलाच लागली. "आजी, पोकळच हव्यात गं. पण सगळ्या तडकल्या."

आच हळू चढवायची असते. वर्षात जमलं नाही तर गाशा गुंडाळ, असं तू बजावलंस, म्हणून पोरीने घाई केली. आता जेवतही नाही धड.

ती मुदत मागे घे. उत्तर तू लिहायचंस, आणि मला नाही, तिला.