खिडक्या लावून पुन्हा मोजा

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा पंपदुरुस्ती (पुस्तकं वाचून स्वतः शिकलेला), आज पूर्ण शुद्धीवर आहे. डोकं फिरलेलं आहे, पण ते रागाने. बुद्धी जागेवर आहे. फुप्फुसावर डाग निघाला असून पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवतो. डाग रेडॉनमुळेच पडला असे मी म्हणत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहीत नाही.

१. रेडॉन हा खडकातून येणारा वायू. वास नाही, रंग नाही. फरशीच्या भेगांतून शिरतो, बंद खोलीत साठतो, आणि वर्षानुवर्षे छातीत गेला तर कर्करोग होऊ शकतो. आरोग्य खात्याने गावात मोजणीच्या एक्केचाळीस डब्या वाटल्या. सोबतच्या कागदावर स्वच्छ छापले होते: आधी बारा तास आणि पुढे चार दिवस खिडक्या बंद ठेवा. गावाने काय केले? तपासणी आहे म्हणून घरे झाडली, पुसली आणि खिडक्या सताड उघडल्या! किराणावाल्याने तर डबी गच्चीवर ठेवली, खाली धूळ बसेल म्हणून. कागद वाचला तो मी एकट्याने. माझा आकडा ६१२ (शंभराच्या आत हवा), बाकी सगळे पन्नासाच्या आत. सभेत गावप्रमुख म्हणाले, "चाळीस घरं चांगली, तुमचंच कसं हो नासकं?" लोक खो खो हसले. तेव्हापासून मी 'गॅसवाले'. तो सूचनांचा कागद मी गावप्रमुखांना देतो. फ्रेम करून ठेवला आहे.

२. राहते घर धाकट्या भावाच्या मुलीला, वय नऊ. फरशीखालून पाइप काढून छपरावर पंखा मी स्वतः बसवला; आकडा ७४ वर आला. तो पंखा बंद करू नये. विजेचे बिल ही सबब चालणार नाही.

३. पाइप पाने, ड्रिल, मल्टिमीटर भावाला. अट एकच, त्याने खिडक्या लावून पुन्हा मोजावे. आमची घरे एका भिंतीची, एकाच खडकावरची. त्याची डबी उघड्या खिडकीत होती, मी डोळ्यांनी पाहिली. सर्वांत खालच्या खोलीत त्याची मुलगी झोपते. सांगायला गेलो तर म्हणतो, "दादा, आधी तुझ्या डोक्यातला गॅस मोज." पाना धरायला ह्याला मी शिकवलं!

४. बँकेतल्या शिलकीतून गावातल्या प्रत्येक घराला नवी डबी द्यावी. किराणावाल्याची कोणीतरी आत नेऊन ठेवावी.

५. वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. हे कलम तेवढे थांबणार नाही. पुतणी आजपासून माझ्या मधल्या खोलीत झोपेल. सकाळी भाऊ कामावर गेल्यावर भावजयीसमोर तो कागद आणि माझ्या घराचे पंख्याआधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे ठेवले. तिने दोनदा वाचले. म्हणाली, "भाऊजी, खिडकी मीच उघडली होती. तपासणीवाले घर बघतील, नावं ठेवतील, असं वाटलं हो." तिला रागावायचे मी ठरवून ठेवले होते, जमले नाही. उठताना म्हणाली, "गादी आत्ताच आणते. ह्यांचं मी बघते."

वरील सर्व वाचून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून सही करीत आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
सही: पंपदुरुस्तीवाले

साक्षीदार (दोघेही परगावचे, त्यामुळे यातली डबीसुद्धा त्यांना मिळणार नाही):
१. टपाल वाटणारे. सही.
२. दवाखान्यातल्या नर्सबाई. सही. गादी आणि उशी मधल्या खोलीत आलेली मी स्वतः पाहिली.