आत्याची कात्री

सेमिसी,

'चिरंजीव' मुद्दामच लिहिलं नाही. तुझ्या बापाला परवा पुरलं. गावातले सगळे धडधाकट पुरुष तू टोळी बांधून ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला नेलेस, म्हणून कबर बायकांनी खणली. मयतीच्या जेवणाची जमिनीतली भट्टी मी पेटवली. मी! आपल्या टोंगात थोरल्या आत्यानं मयतीत मानाच्या चटईवरून उठायचंही नसतं. त्याच दुपारी रेडिओवर कुणी साहेब म्हणत होता, "देशात कामाला लागलेल्यांचं प्रमाण वाढलंय." कुठल्या देशात रे?

तुझी आई म्हणते, "वन्सं, पत्र धाडू नका, पोरगं खचेल." नाही धाडत. पण बाप गेला की लेकरांचे केस आत्यानंच कापायचे असतात. तुझ्या बहिणींचे कापले. तुझे राहिलेत. कात्रीला धार लावून ठेवलीय.

आशीर्वाद न देता,
लेसिएली आत्या