तीस हजार एकतीस

सर, आज अकरावीच्या वर्गात फळ्यावर तीस हजार एकतीस ही संख्या लिहिली आणि तुमची इतकी आठवण आली, की घरी आल्यावर चहासुद्धा न ठेवता लिहायला बसले. मी आता लातूरला गणित शिकवते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई मोठी झालीस की गं!"

अहमदपूरच्या शाळेत, नववीत असताना मला मोठा शोध लागला होता. पहिल्या काही मूळ संख्या ओळीनं गुणायच्या, त्यात एक मिळवायचा, की नवी मूळ संख्या हजर. सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा, सगळ्या खऱ्या उतरल्या. मग दोनपासून तेरापर्यंतच्या मूळ संख्या गुणून एक मिळवला: ३००३१. त्यांतल्या कुणानंही भागा, बाकी एकच. मी वर्गासमोर ठासून सांगते, ही मूळच. तुम्ही हाताचा खडू झटकत विचारता, "कुठवर भागून पाह्यलंस?"

"तेरापर्यंत, सर."

"मग तेरापर्यंत भाग जात न्हाई, येवढंच म्हण. पुढचं तुला कुठं ठाव हाय?"

मला असा राग आला! मधल्या सुटीत डबा न उघडता सतरा, एकोणीस, तेवीस असं भागत सुटले. एकोणसाठला बाकी शून्य. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. मी रडकुंडीला आलेली आणि तुम्ही मात्र वर्गभर खुशीत फिरताय.

त्या वाक्याची किंमत मला अकरावीत कळली. दोन्ही चाचण्यांत गणितात नापास झाले आणि दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला गणित विषय सोडायला लावायचं नक्की केलं. कुणाकडून तरी कळलं असेल, तुम्ही संध्याकाळी घरी आलात. दादा म्हणाले, "सर, पोरीला झेपून न्हाई राहिलं. दोनदा पाह्यलं."

"मग दोनदा जमलं न्हाई, येवढंच म्हणा. माझ्याकडं धाडा, वरीसभर मी बघतो."

वर्षभर रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात बसून, काकूंनी केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला खात मी गणितं सोडवली. चुकलं की तुम्ही ओरडायचात आणि काकू तुम्हाला ओरडायच्या. त्या संध्याकाळी तुम्ही आला नसतात तर मी आज फळ्यासमोर उभी नसते, सर. असले उपकार फिटत नसतात, म्हणून फेडायच्या भानगडीत मी पडत नाही.

आज देगलूरहून आलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अशा रीतीनं मूळ संख्या निघायच्या कधी थांबतात का?" मी खरं तेच सांगितलं, की हे अजून कुणालाच माहीत नाही. "कुणालाच न्हाई?" ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब, आमच्या सरांना विचारून सांगते."

"हाव मॅडम, उद्या सांगा," ती म्हणाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. मी तिला टोलवत नव्हते, सर. तुम्ही गेलात हे त्या क्षणी मला खरंच आठवत नव्हतं.