वेळेवर की अंतरावर

प्रिय ताई,

हे पत्र भाऊजी तुला सकाळच्या चहाबरोबर देतील. ते पूर्ण वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस, आणि अकरा वाजता चौकशीच्या खोलीत तुझ्यापुढे जो कागद सरकवतील त्यावर सही करू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलास का, खोकला गेला का, यातच मला गुंडाळतेस, आणि मीही आपला गुंडाळून घेतो.

दुपारचे चार वाजलेत आणि मी तुझ्या खुर्चीवर बसलोय. तुझी ती चपटी झालेली उशी अजून इथेच आहे, वाकड्या मानेचा दिवा आहे, दोरीला बांधलेलं भिंगही आहे. पट्टा बंद आहे. चौकशी संपेपर्यंत लिफ्टच्या ब्रेकची एकही चकती इथून पुढे जायची नाही असा हुकूम आहे, त्यामुळे एरवी कानठळ्या बसवणाऱ्या या शेडमध्ये आज पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येतेय. चकत्यांमधले तडे शोधणारं हे यंत्र तपासून अहवाल द्यायला आमच्या कंपनीने मलाच पाठवलं. ज्याने बसवलं त्यानेच तपासायचं! हे कुणाला विचित्र वाटलं नाही, आणि खरं सांगतो, आज सकाळपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

त्या लिफ्टची बातमी आल्यापासून तीन आठवडे मी एकच वाक्य घोकतोय, की माझं यंत्र ठीक होतं. लिफ्ट दोन मजले घसरली, आतल्या दुरुस्तीवाल्याचा घोटा मोडला, ब्रेकच्या चकतीला बोल्टच्या भोकापाशी तडा निघाला, आणि त्या चकतीवर तुझा शिक्का होता. बावीस वर्षं तू नुसत्या डोळ्यांनी चकत्या पाहिल्यास, एक वाईट गेली नाही. आठ महिन्यांपूर्वी माझं यंत्र आलं, आणि त्यानंतर गेली. उद्याच्या कागदात लिहिलंय की तपासणीत तुझा निष्काळजीपणा झाला. सही केलीस की इथली नोकरी तर जाईलच, पण दुसरा कुठला कारखानाही तुला तपासणीच्या टेबलापाशी उभं करणार नाही. आणि ते टेबल सोडून तू घरी काय करशील, हे भाऊजींना विचार. त्यांनी आत्तापासूनच धसका घेतलाय.

यंत्र कसं बघतं हे मी तुला बसवतानाच समजावलं होतं. तू मान डोलावलीस आणि नंतर पुन्हा सगळं विचारलंस, तुझी नेहमीची पद्धत. पट्ट्यावर आडवी लाल रेघ पडते. चकती त्या रेघेखालून सरकते आणि यंत्र एकेक रेघ टिपून, एकाखाली एक लावून तिचं चित्र तयार करतं. पुढची रेघ केव्हा टिपायची, तो इशारा म्हणजे ट्रिगर. तो दोन प्रकारे देता येतो. एक तर वेळेवर, म्हणजे सेकंदाला ठरावीक रेघा, पट्टा पळो नाहीतर रांगो. नाहीतर अंतरावर, म्हणजे पट्ट्याला टेकून जे छोटं चाक फिरतं त्याने मोजून सांगायचं, की पट्टा इतका पुढे गेला, आता टिप. इथे अंतरावरच हवा होता. माझ्या हाताखालचं पोरही हे डोळे मिटून सांगेल.

चाचणीच्या दिवशी त्या चाकाच्या वायरीचा जोड तुटलेला निघाला. नवा यायला दोन दिवस लागणार होते, आणि तुमच्या कारखान्याचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन दारात उभे. मी ट्रिगर वेळेवर ठेवला, पट्ट्याच्या वेगाशी असा जुळवला की चित्रात बोल्टची भोकं नाण्यासारखी गोल आली. टाळ्या पडल्या. तू मागे उभी होतीस, आणि घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत होतीस की हा माझा भाऊ. तूच तर त्या मोठ्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होतास. दोन दिवसांनी जोड आला, मी वायर लावली, पडद्यावर चाकाची मोजणी पळायला लागली, आणि मी हत्यारं आवरली. मोजणी दिसतेय म्हणजे झालं काम, असं धरून चाललो. चाक मोजत होतं, पण यंत्राला त्याचं ऐकायला कुणी सांगितलंच नव्हतं. ते पडद्यावरची एक खूण बदलण्याचं काम होतं. ते मी केलं नाही.

पट्टा त्याच वेगाने चालला असता तर कदाचित कधी कळलंही नसतं. पण चार महिन्यांपूर्वी मोठी मागणी आली आणि पट्ट्याचा वेग दीडपट झाला. रेघा सेकंदाला तेवढ्याच, चकती मात्र पळतेय, म्हणजे दोन रेघांमधली फट वाढली. रेघेला समांतर, केसाएवढा तडा असेल तर तो नेमका त्या फटीत बसून निघून जातो आणि वर हिरवा दिवा लागतो, आणि हिरव्यावर तू शिक्का मारतेस. सकाळी मी तडा गेलेली एक चकती दोन्ही वेगांना दहा-दहा वेळा सोडली. जुन्या वेगाला दहाही वेळा पकडली. नव्या वेगाला सातदा पकडली, तीनदा हिरवा. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा तुझ्याच खुर्चीत मी धपकन बसलो.

मग आमच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, यंत्र ठीक आहे एवढंच लिही आणि ये. बहिणीचं वाईट वाटतं, पण वयानुसार नजर कमी होतेच. ताई, मी हो म्हणालो. वेळेच्या जागी अंतर अशी खूण करायची, जतन करायचं, संपलं. आधी काय होतं याची नोंद हे यंत्र ठेवत नाही. बोट बटणावर होतं. किती वेळ होतं ते विचारू नकोस, पण हातातला चहा पार निवला होता. माझी दोन लेकरं, घराचे हप्ते, आमच्या साहेबांचा स्वभाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि हेही मनात आलं की ताई काय, ताई सांभाळून घेईल. लाज वाटते लिहायला, पण आलं.

बाबांचं गजराचं घड्याळ आठवतं? मी उघडलं, पुन्हा जोडलं, आणि एक स्क्रू उरला तो खिडकीतून फेकून दिला. दुसऱ्या दिवशी गजर झाला नाही, बाबांची पहिली पाळी चुकली, आणि तू पुढे होऊन म्हणालीस की झाडताना माझ्या हातून पडलं. आठवडाभर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. मी शेजारी बसून वरणभात ओरपत होतो. तेव्हापासून तू मला धांदल्या म्हणतेस, तेही हसत.

बटण दाबण्याआधी चष्मा पुसायला काहीतरी हवं होतं म्हणून मी तुझा खण उघडला. कापडाखाली पाळीची वही होती. पट्ट्याचा वेग वाढवला त्या दिवसाचं पान सहज काढलं. तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, चित्रात भोकं चपटी दिसतात, धाकट्याला विचारणे. आणि त्यावर दोन आडव्या रेघा मारलेल्या, पट्टी लावून, तुझ्या शिस्तीप्रमाणे.

तू विचारलं होतंस. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता, पट्टा पळवला तरी तुझं यंत्र नीट बघतं ना रे, भोकं मला बसकी वाटतात. मी रिक्षात होतो, घाईत होतो. आणि मी हसलो. म्हणालो, ताई, तुझे डोळे थकतात, त्याचे थकत नाहीत. तू बरं म्हणालीस, खोकल्याचं विचारलंस आणि फोन ठेवलास. माझ्या शब्दावर तू तुझी बावीस वर्षांची नजर खोडलीस. आणि आता चौकशीत तीनदा विचारूनही तू एकच सांगितलंस, की मला काही वेगळं दिसलं नाही. दिसलं होतं! तडा कुणाचा आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि तू पुन्हा झाडताना घड्याळ पाडायला निघालीस.

म्हणून हे पत्र. खूण मी बदललेली नाही, यंत्र जसं होतं तसं ठेवून पडद्याचे फोटो काढलेत. वीस चाचण्या, वहीचं पान आणि चूक माझी आहे हे माझ्या सहीने लिहून तासाभरापूर्वी चौकशीच्या कचेरीत दिलं. तेव्हापासून आमच्या साहेबांचे चार फोन आलेत, सकाळपर्यंत अहवाल मागे घे म्हणून. पाचवा मी कदाचित उचलेन. मी काय आहे ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? म्हणून पोचपावती आणि अहवालाची प्रत याच पाकिटात तुझ्याकडे देतोय. उद्या मी खोलीत चाचरलो, यंत्र ठीक होतं म्हणालो, तर माझ्याकडे न बघता हे कागद टेबलावर ठेव. आणि तुला काही दिसलं होतं का असं चौथ्यांदा विचारतील, तेव्हा हो म्हण. दिसलं होतं, भावाला विचारलं होतं, तो हसला होता, एवढं सांग. या वेळी मला वाचवू नकोस, ताई.

तुझाच,
धांदल्या